शपथ सुटली तरी

व्हय, त्योच — दारावरच्या पाटीवर नाव हाय न्हवं, डॉक्टर धैर्यशील — त्येची आई मी, मनुबाई. आवं बसा की, उटताय कशाला! डॉक्टरची आई म्हंजे काय देव्हाऱ्यातली देवी हाय व्हय? तुमी तासगावकडच्या न्हवं? बोलन्यावरनं वाटलंच. आमी इस्लामपूरकडचं, उसातलं. ह्यो शिकत हुता तवा आमच्यात किडनीचा आजार म्हंजे काय, कुनाला ठावं? पाय सुजलं, तोंड सुजलं की बाहेरचं झालं म्हनायची मानसं, लिंबू उतरायची. पुन्यातल्या मोठ्या दवाखान्यानं लय धरून ठेवला ह्येला — ऱ्हायला न्हाई गडी, हितं सांगलीत आला. किती घरं उभी केली त्येनं! साताऱ्यात सत्कार झाला, तवा मी फुडच्याच खुर्चीवर, नवं लुगडं नेसून. काय बोलला म्हनता! "किडनी द्यायची येळ आली की समद्या घराच्या माना सुनंकडंच का वळत्यात? गडीमानसं तवा कुटं जात्यात?" — टाळ्या थांबंनात. बायका डोळं पुसत हुत्या. मी बी पुसलं.

तुमचं कोन आजारी? ल्योक? आरं द्येवा… माझा बी ल्योकच की. धाकला, यशराज — मिल्ट्रीत हुता, बीपी वाडलं, कुनाला सांगितलं न्हाई, दोनी किडन्या घालवून घरी आला. उद्या सकाळी बदलायची. कोन देतंय? — सून देती, त्येची बायकू, संयोगिता. गुनाची पोर हाय. आसं बगू नका माझ्याकडं! मला शुगर हाय, माझी चालत न्हाई, शपथ सांगती, न्हाईतर मीच दिली असती. परवानगी देनाऱ्या कमिटीनं तिला एकलीलाच आत घेतली, राजीखुशीनं देतीस का म्हनून इचारलं. व्हय म्हनली. म्हननारच — काय म्हनायचं ते येताना गाडीत मीच तिला… जाऊ द्या.

जुळत तर दोगांची हुती. तिची, आन — थोरल्याची बी. व्हय, ह्या डॉक्टरचीच. आदी त्योच म्हनला, आई, मी देतो. म्हनलं, तुझ्या जिवावर किती मानसं जगत्यात, तुला काय झालं म्हंजे? त्येचा हात वडला, माझ्या डोस्क्यावर ठेवला — माझी शपथ हाय तुला! त्यो मागं सरला. आमच्यात आईची शपथ मोडत न्हाईत — पन घालनारनीनं 'सुटली' म्हनलं की सुटती. परवा संयोगी माझं पाय दाबत बसलेली, हळूच म्हनली, "आत्या, कापल्यावर लय दुखतं का वो?" तशीच उटले, ह्येच्या खोलीत गेले. म्हनलं, बाबा, शपथ सुटली रं. तर ह्यो चष्माच पुसत बसला. म्हनला, "आई, आता समदं ठरलंय." म्हनलं, बदलता येत न्हाई व्हय? "येतं," म्हनला. येतं — आन फोन घेतला कुनाचा तरी, पाठ केली माझ्याकडं.

मला वाटायचं, शपथेनं अडलाय. कशाची शपथ आन कशाचं काय! लाज वाटती मला, बाई. लोकं पाया पडाय येत्यात तर तोंड लपवावं वाटतं. त्येची लाज न्हवं, माझीच. तू तेवढा सोनं, बाकी समदी माती — ल्हानपनापास्नं त्येला मीच शिकीवलं. आन संयोगी आज सकाळी भरती व्हाय जाताना माझ्याच पाया पडून गेली, आशीर्वाद द्या म्हनली. मी काय देनार कपाळ?

पुकारलं बगा, तुमचंच नाव. उटा. ती कोपऱ्यात बसलीया, पदर चावत — ती सून व्हय तुमची? ऐका, आत गेल्यावर माझा ल्योक इचारंल, कोन देनार. तवा लगीच तिच्याकडं बगू नका. न्हाई, मला आता काय बी इचारू नका. जावा तुमी. जावा.