मालकाचा फोटो

कॉम्प्युटरला अक्कल न्हाई म्हणताव ना? ऐका मग.

कमलनगरला मी पंचायतीच्या लोकांना दुकानांचे परवाने ऑनलाइन काढायला शिकवायलो होतो. पहिलंच किराणा दुकान महादेवअण्णांच्या नावावर. मोबाइलनं गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा फोटो मागितला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले आन् बायकोलाच विचारायले, "कुठं बसू गं?"

पंचायतीचा कारकून म्हणाला, "अण्णा, दुकानात काय काय ठेवताव?"

"तिला इचारा की. मी शेताकडं असतो."

कारकुनानं भरलेलं नाव पुसलं आन् तो अण्णांच्या बायकोकडं वळला. "अक्का, परवाना तुमच्याच नावानं काढू?"

अक्कांनी अण्णांकडं बोट दाखवलं.

"काढा की," अण्णा म्हणाले. "पण मग मी कोण?"

अक्का गल्ल्यावर बसल्या, पदर सारखा केला. "गिऱ्हाईक. जरा सरका, फोटूत यायलाव."