कामावर जागे राहणाऱ्या काकांचं पत्र

—नाही नाही काका, उभे नका राहू, बसा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय डुगडुगतो. इथे बसा, माझ्या खुर्चीत — अहो बसा हो, मी कुठे बसते तिच्यात! तीन आठवडे झाले मॅनेजर होऊन, अजून एकदाही टेकले नाही. का म्हणजे? नेम धरलाय. सगळ्यांची कामं समजल्याशिवाय तिच्यात बसायचं नाही, देवाला सांगून ठेवलंय तसं. सासूबाई म्हणाल्या, अगं, नेम खाण्यापिण्याचे असतात, खुर्चीचे कुठले? म्हटलं, उपाशी राहिले तर चक्कर येते, उभी राहिले तर नुसते पाय दुखतात. देव काय, समजून घेतो.

तर — कशासाठी बोलावलं? सांगते ना. चार वाजता मालक यायचेत, त्याच्या आत सांगायचंच आहे. हे पाकीट? काही नाही हो, पाकीट आहे नुसतं. तिकडे बघू नका.

मी मॅनेजर कशी झाले, तुम्ही होतातच की तिथे! आधीचे साहेब उठले नि निघून गेले, मालक दारात उभे — "गोदामाच्या किल्ल्या कुठे असतात, कुणाला माहीत आहे का?" — आणि मी आपला हात वर केला. अभ्र्यांना बटणं लावणारी बाई मी! किल्ल्या दारामागच्या खिळ्याला असतात, एवढंच काय ते मला ठाऊक. झाले मॅनेजर. मग एका दिवसाचं शिक्षण. शिकवणारे म्हणाले, चूक दाखवायची तर आधी कौतुक करा, मग चूक सांगा, मग परत कौतुक. शिलाईवाल्या मावशींवर करून बघितलं. पहिलं कौतुक झालं, शेवटचंही झालं, मधलं राहूनच गेलं — मावशी इतक्या खूश, की दोन दिवसांची रजा घेऊन गेल्या. हसताय काय! आणि काल घरी आमच्या ह्यांना समोर बसवलं, म्हटलं सराव करू. "इतकी वर्षं मनापासून काम केलंत, पण उद्यापासून तुमची गरज नाही" — एवढं बोलले नि मलाच हुंदका फुटला. हे म्हणतात, "छान जमलं गं, पण आज जेवायला वाढशील ना?"

अगं बाई. निसटलंच तोंडातून.

हो काका. ते पाकीट तुमचंच आहे. उघडू नका! मजकूर माझा नाही, मालकांचा आहे. कारण? कारण लिहिलंय — "कामावर जागे राहणे". गेली बावीस वर्षं गठ्ठ्यातली एक उशी उचलायची, मागच्या खोलीत खाटेवर डोकं टेकायचं, डुलकी लागली की गठ्ठ्यावर शिक्का — हेच ना तुमचं काम? आणि गेले तीन आठवडे टक्क जागे! गोदामात बाराशे उशा बिनशिक्क्याच्या. मालक म्हणतात, माणसाची झोप उडालीय, माणूस बदला. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या का? तर म्हणाले, "तुम्ही मॅनेजर आहात, त्यांच्या आई नव्हे."

काय म्हणालात? उशाच टोचतात? — हळू बोला. माहीत आहे मला. म्हणजे… तीन आठवडे, आणि मीही तीन आठवडेच… काका, कापूस भरणाऱ्या मामांचे हात सुजलेले बघितले मी पहिल्याच दिवशी. म्हटलं, मामा, कापूस दुसऱ्यांदा पिंजू नका, एकदाच पुरे, हात सांभाळा. शिक्षणात सांगितलं होतं ना, माणसांना सांभाळा! मामांनी दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला मला. आणि उशांत झाल्या गाठी. मला कळलं होतं हो, दुसऱ्याच दिवशी कळलं. पण दिलेला आराम परत कसा मागायचा? नाहीच मागितला. म्हणून तुमची झोप गेली, आणि म्हणून हे पाकीट. तुम्ही खरं तेच करत होतात, एकटेच.

मान आखडली का? थांबा, ही उशी घ्या मानेमागे. तपासायला नाही हो, नुसती टेकायला. आज सकाळी मीच भरली, दोनदा पिंजून — बघा, बोटं कशी सोलली आहेत. चार उशांतच मामांचं दुखणं कळलं. आता त्यांना जोडीला कुणीतरी द्यायचं, आळीपाळीनं करायचं, एवढं साधं! पण मालकांना हे सांगितलं तर? किल्ल्या परत खिळ्याला लावून मला बटणांवर बसवतील. बसवू देत. पण मग त्या बाराशे उशा उसवणार कोण? म्हणून मी काय म्हणते, तुम्ही माझ्या बाजूनं दोन शब्द —

काका? अहो काका…

झोपले. आता हे उशीनं की माझ्या बडबडीनं, देव जाणे.

कोण? — मालक! शू… हळू. नाही, दिलं नाही पत्र. देणारही नाही. चूक माझी आहे, सगळी सांगते, ते उठले की. — नाही, आत्ता नाही. दार ओढून घ्या आणि बाहेर थांबा.