बहात्तर आकडे

(दिंडोरीजवळची द्राक्षबाग. फुलोऱ्यातले घड काळवंडलेले.)

गोरक्ष : कंपनीची भाषा नको, वेदिका. काकाला सांगतीस तसं सांग. बागंत दहिवर टपटपत व्हतं आन् तुमचं ॲप म्हणत व्हतं, हवा कोरडी, फवारू नका. चार दिवस! कसं काय?

वेदिका : काका, बागेतलं यंत्र दर तासाला तीन आकडे घेतं. तापमान, हवेतला दमटपणा आणि पानावरचा ओलावा. आमच्याकडे त्यांच्या तीन वेगळ्या याद्या येतात. प्रत्येकीत चोवीस आकडे.

गोरक्ष : बरं.

वेदिका : त्या तिन्ही शेजारी शेजारी उभ्या करून तक्ता करायचा असतो. मग आडवं वाचलं की एका तासाचे तिन्ही आकडे मिळतात. मी त्या एकापुढे एक जोडल्या आणि तीन-तीनचे तुकडे पाडले.

गोरक्ष : मंग?

वेदिका : मग पहिल्या ओळीत तिन्ही आकडे तापमानाचेच आले. एकोणीस, एकोणीस, अठरा. प्रोग्रामनं मधला आकडा दमटपणा म्हणून वाचला. एकोणीस टक्के. मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत हेच.

गोरक्ष : दहिवराचाच टाईम.

वेदिका : हो.

गोरक्ष : आन् मशीन गप बसलं?

वेदिका : बहात्तर आकडे हवे होते, बहात्तरच होते. मोजणी जुळली की ते तक्रार करत नाही.

गोरक्ष : ते नाय करत. तू?

वेदिका : घाई होती. चालतंय एवढंच बघितलं.

गोरक्ष : शेजारचा हिरामण त्याच्या बागंत पंप जोडून उभा व्हता. म्हणला, पान हाताला ओलं लागतंय, मी मारतो औषध. मीच आडवा गेलो. म्हणलो, थांब, जबाबदारी माझी. डाऊनीच्या बुरशीनं त्याचा एक घड ठेवला नाय.

वेदिका : कंपनी पत्रक काढतेय. शेतकऱ्यांनी यंत्र चुकीच्या जागी लावलं, असं.

गोरक्ष : यंत्र तुमच्याच माणसानं रोवलंय!

वेदिका : माहितीये.

गोरक्ष : कोणी लिहिलं हे?

वेदिका : ...मी. साहेब शेजारी उभे होते.

गोरक्ष : चल हिरामणकडं. त्याच्या तोंडावर सांग सगळं.

वेदिका : नोकरी जाईल, काका.

गोरक्ष : आन् मी? मला रोज त्याच्याच बांधावरनं जायचंय.

वेदिका : म्हणून तर तुम्हाला खरं सांगितलं ना.

गोरक्ष : सांगून तू मोकळी झालीस. आता बाळगायचं मी.

वेदिका : काका...

गोरक्ष : घरी जा, च्या पी आन् मंग नीघ. काकीला यातलं काय बोलू नको. ती अजून बायकांना सांगती, आमच्या वेदिकानं केलंय ते ॲप.