प्रिंटरचा ठराव

येरमाळ्याच्या दूध सोसायटीत दोन कॉम्प्युटर आले तवाचं सांगतो. एक चालायचा डॉस नावाच्या सिस्टीमवर, दुसरा युनिक्सवर. उद्घाटनाला साहेब येऊन बसलेले. नवा प्रिंटर डॉसवाल्याला जोडला, की लगेच खरखरला. तोच युनिक्सवाल्याला जोडला, तर त्यानं ढुंकून बघितलं न्हाय.

मशीन बसवायला आलेला पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "याला आधी कळवावं लागतं, नवीन कोण आलंय ते. मंजुरीशिवाय हे कुणाला घेत नाही."

चेअरमन आबा लई खूश. "म्हंजे हे खरं सहकारातलं हाय!"

त्यांनी तिथंच संचालक गोळा केले, सूचक-अनुमोदक उभे केले आन मशीनसमोर ठराव वाचला. तोवर इंजिनिअरनं खाली मान घालून काय ते टाइप केलं. प्रिंटर चालू! टाळ्या!

इंजिनिअर कसंबसं म्हणाला, "आबा, ते मी..."

"बसा खाली," आबा म्हणाले. "सभासद न्हाय त्याला सभेत बोलता येत न्हाय."