अडकलेलं चित्र

आमच्या फिनलंडमध्ये रांगेत माणसं दोन हात अंतर ठेवून उभी राहतात. तरी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, गुरुवारच्या वाटाण्याच्या सूपच्या रांगेत, पुढच्या दोन प्राध्यापकांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे त्यांतल्या तूलिक्कीबाई भलत्याच तापलेल्या असणार.

“काय गं, मिळाला का निधी, तुझ्या त्या स्पेनबरोबरच्या ऑनलाइन वर्गाला?”

“मिळाला रे राइमो. मागितला त्याच्या दुप्पट.”

“मग तोंड पाडून का उभी आहेस?”

“मी मागितला होता पोरांना आठवडाभर सेव्हिलला न्यायला. समितीने दिलाय इंटरनेट सुधारायला.”

“आपल्या इंटरनेटला काय धाड भरलीय?”

“काही नाही! समितीने एक तास वर्ग बघितला. तिकडची पोरं एकमेकांना तोडून बोलत होती, एकाने तर आजीलाच कॅमेऱ्यापुढे आणून बसवलं. आजी म्हणाली, तुमच्याबद्दल सांगा.”

“आणि आपली पोरं?”

“विचार करायला लागली.”

“किती वेळ?”

“तास संपेपर्यंत. समितीला वाटलं, आपल्याकडचं चित्र अडकलंय.”

“अरे देवा. पोरं हिरमुसली असतील.”

“छे! त्यांतला एसा नावाचा पोरगा म्हणाला, इतक्या गप्पा आयुष्यात मारल्या नव्हत्या.”

“पण तू सांगायचंस ना समितीला, तिथल्या तिथे!”

“सांगणारच होते. कसं सांगावं याचा विचार करत होते.”

“मग?”

“मग काय? त्या अडकलेल्या चित्रात मधोमध मीच होते.”