दादाचा नावडता अल्बम

दादाच्या फोनवरून मी एकदाच भांडलो, ते सांगतो. दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. रॉक ऐकणाऱ्यांचा त्याचा एक ग्रुप होता. दर रविवारी एकाने अल्बम सुचवायचा आणि बाकीच्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून मत लिहायचं. समोरासमोर कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं, त्यामुळे दादा गेल्याचं तिथे कुणाला माहीत नव्हतं.

त्या रविवारी विश्रांतवाडीच्या जोशीकाकांनी लिहिलं, "हा अल्बम म्हणजे पत्र्यावर दगड."

तोच अल्बम दादा आमच्या हडपसरच्या गॅरेजात रोज लावायचा. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "काका, अक्कल नसेल तर गप बसा."

काकांचं उत्तर आलं, "अहो, 'पत्र्यावर दगड' हे तुमचेच शब्द. धाकट्या भावाला आवडतो म्हणून रोज सहन करतो, असं आपणच म्हणाला होतात."

माझे हात ऑइलचे होते, तसेच डोळ्यांना लावले. तो अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा दादाने विचारलं होतं, "कसाय रे?" त्याचा चेहरा इतका खुललेला होता की त्याला तो आवडलाय असं समजून मी म्हणालो, "भारी!"

मी ग्रुपवर लिहिलं, "मी धाकटा. दादा गेला."

मग काका म्हणाले, "बाळा, येत्या रविवारी आम्ही सगळे तुझ्यासाठी तोच अल्बम पुन्हा ऐकतो."

मी लिहिलं, "नका ऐकू, काका. मलाही तो कधीच आवडला नाही."