डावा पाय ओला कशाला?

— ते सगळं खरं, पण मी तुम्हाला चारला बोलावलं होतं, तुम्ही तीनलाच आलात. का? वाट चुकू नये म्हणून? अहो, या मैदानावर सकाळी मी स्वतः दाताळं फिरवलंय, आणि आता बघा — टापांचे गोलच गोल उमटलेत. सगळे उजवीकडे वळणारे. डावीकडचा एक तरी दाखवा! — सवय? सवय कसली, डावीकडे वळलं की भार डाव्या पायावर येतो, आणि तो त्याला झेपत नाही. म्हणून तुम्ही मी यायच्या आत फिरवून-फिरवून त्याचा आखडलेपणा घालवलात. आणि तो पाय ओला कशाला? चारांतला एकच धुतलात? — चिखल? माझ्या अंगणात चिखल दाखवा, आत्ता घेते घोडा. नळाखाली धरलात तुम्ही, घोटा गार व्हावा म्हणून, म्हणजे बाईंनी हात लावला तर गरम लागायला नको. शी! बाई म्हटल्यावर काय, रंग बघून घोडा घेईन वाटलं?

घोड्याला मी काही म्हणत नाहीये हां. गुणी आहे, कान बघा कसे ठेवलेत. मला हवाच होता असा. आमची म्हातारी घोडी आता नुसती उभी असते, आणि सोमवारपासून सात नवी मुलं घोड्यावर बसायला शिकायला येतायत — दोघांना तर चालतानासुद्धा आधार लागतो. मला घाई आहे हे तुमच्या कानावर आलंच असणार, त्याशिवाय का 'आजच ठरवा' चाललंय! मी काय म्हटलं? दोन दिवस माझ्याकडे बांधा, आमचे जनावरांचे डॉक्टर रक्त तपासतील, दुखणं मारायचं औषध टोचलंय का ते कळेल. तर तुमचा चेहरा असा पडला, जणू सुई तुम्हालाच टोचायचीय. आणि खरं सांगू? ते गोल दिसल्यावरही माझ्या मनात आलं, मुलं हलकी आहेत, दोन महिने तरी निघतील... आलं हो मनात! माझ्याच मनात. थुंकावंसं वाटलं.

काय दाखवताय? फोटो? — बरं. मुलगी तुमची. आठ वर्षांची. 'आमची मुलगीच बसते याच्यावर.' — हे कशाला काढलंत हो? पाणी, गोल, सगळं मी हसून सोडलं असतं. ठेवा तो फोन आत.

कारण असा फोटो माझाही निघाला असता. आमचे बाबा घोड्यांचे व्यापारी. गिऱ्हाईक आलं की मला वर बसवायचे — बघा, माझी पोटची पोर बसते! मी हसायचं, हात सोडून दाखवायचे. एकदा एक डॉक्टरीणबाई आल्या, माणसांच्या डॉक्टर, घोड्याच्या पायाला हात लावायलासुद्धा बिचकत होत्या. बरोबर मुलगी, माझ्याच वयाची. बाबांचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग वळल्या माझ्याकडे — पेशंटलाच विचारायची सवय असणार — म्हणाल्या, "बाळ, तू सांग, कसा आहे हा?" मला ठाऊक होतं! तीन दिवस मी त्याच्यावर बसत होते, दर पावलाला तो एका बाजूला खचायचा, मला मांडीत कळायचं. बाबा बघत होते. मी म्हटलं, "छान आहे."

बाईंनी तो घेतला. सहाव्या दिवशी उतारावर तो त्यांच्या मुलीसकट कोसळला. तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाई आल्या आमच्या दारात, ओरडल्या नाहीत, काही नाही. बाबा म्हणाले, "तुमच्या पोरीला बसताच येत नाही, त्याला घोडा काय करणार?" आणि त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाबांचा हात धरला होता. घट्ट. सोडला नाही मी तो — कळतंय का तुम्हाला? सोडला नाही.

हे मी कधी कुणाला, आमच्या घरातसुद्धा... तुम्हाला कशाला सांगत बसले!

काय? मुलीला फोन लावता? तीच सांगेल म्हणता? — नको. ठेवा, ठेवा तो खाली! ती 'छान आहे'च म्हणेल. विचारूच नका तिला.

चढवा त्याला गाडीत. फळी नीट टेकवा आधी, त्या पायावर उडी मारायला लावू नका. नाही, पाणी मी पाजते त्याला, तुम्ही हात लावू नका बादलीला. — आता काही बोलू नका. निघा.